बावीस इंचांचं स्थळ

वाडीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली आणि प्रेमानंद रामटेकेच्या जिवाची नुसती घालमेल सुरू झाली. शेजारी त्याची एकुलती एक पोरगी प्रीती मांडीवर मोजपट्टी घेऊन बसली होती. पोरगी चालली होती गिटार पाहायला. बाप चालला होता जावई पाहायला, आणि पोरीला याचा पत्ता नव्हता.

"बाबा, इतका घाम काहून येऊन राहिला तुम्हाले? एसी तर चालू आहे."

"ट्रकांची गरमी आहे वं."

आता ही भानगड काय ते ऐका. प्रीती अठ्ठावीस वर्षांची, उंची चार फूट दहा इंच, बोटं भेंडीएवढी. नेहमीच्या बेस गिटारीच्या लांब दांड्यावर तिचा हातच पुरत नाही. म्हणून ती बुटक्या बेस गिटारी जमवते. दांडा जितका आखूड, तितकी हिची कळी खुललेली. भीमजयंतीच्या स्टेजवर ती बुटकी गळ्यात अडकवून उभी राहिली की मांडवाचे खांब थरथरतात. घरी तिच्या खोलीत भिंतीवर अकरा खिळे. सध्या गिटारी दहाच, एक महिनाभरापासून दुरुस्तीला. बापाला सगळ्या सारख्याच दिसतात. मागच्या दिवाळीत रंगारी आला, तर बाईसाहेबांनी एकाही गिटारीला हात लावू दिला नाही. बिचाऱ्यानं भोवतीभोवती पिवळा रंग मारला. गिटारींच्या मागं भिंतीचा जुना हिरवा तसाच राहिला.

लग्नाचं नाव काढलं की ही म्हणे, "मी कोणासमोर ट्रे घेऊन बसनार नाही." आणि प्रेमानंदचा हेका असा की जावई मीच निवडीन, पोरांनी परस्पर जुळवलेलं या घरात चालणार नाही. चार वर्षं हाच तमाशा. बायको नंदिनीनं तर कानांत बोळेच घातले होते.

शेवटी प्रीतीची मैत्रीण मोनाली धावून आली. "काकाजी, वाडीत एक मुलगा आहे, धम्मदीप. ट्रान्सपोर्टचं स्वतःचं गोदाम. त्याच्याजवळ पण अशीच बुटकी बेस आहे, विकतो म्हणते. गिटारीच्या निमित्तानं घेऊन जा ना प्रीतीले. तिले काही सांगू नका फक्त."

ही युक्ती प्रेमानंदला इतकी आवडली, की दोन दिवसांत ती त्याला स्वतःचीच वाटायला लागली.

गोदामाच्या वरच घर होतं. धम्मदीपची आई बायजाबाई दारातच उभी होती.

"जय भीम भाऊ. या, बसा."

आणि मग आतून धम्मदीप आला. सहा फुटी गडी, मान खाली, हातात ट्रे, ट्रेमध्ये तर्री-पोह्यांच्या बशा! लाजून त्याचे कान लाल झालेले. प्रेमानंदला हसू आवरता आवरेना.

प्रीतीनं पोह्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "गिटार कुठं आहे?"

धम्मदीपनं खोळीतून गिटार काढली. लालभडक. दांड्याच्या दोन बाजूंच्या दोन शिंगांपैकी वरचं कोणीतरी करवतीनं कापून टाकलेलं. प्रीतीनं तारेवर मोजपट्टी धरली.

"बावीस इंच! विकून काहून राहिले?"

"माझ्या हाताले लहान पडते."

"हे घेतानी नाही समजलं?"

पोरगा खोळीची घडी घालायला लागला. प्रेमानंदनं कपाळाला हात लावला. झालं! एवढं चांगलं स्थळ, पण या पोरीच्या जिभेपुढं कोण टिकणार?

प्रीतीनं पट्टा गळ्यात घातला. एका दमात बरोबर बसला, सरकवावासुद्धा लागला नाही. मग तिनं जाड तार छेडली, आणि मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणले. धम्मदीपनं जवळचा रिकामा डबा ओढला आणि ताल धरला. प्रीती हसली. चार वर्षांत कोणत्या मुलासमोर हसली नव्हती ती हसली! दोघांनी वेग वाढवला, प्रेमानंदची मांडी आपोआप थाप देऊ लागली, आणि दोघं थांबले ते एकाच ठोक्यावर. अहाहा! याला म्हणतात जुळणं! प्रेमानंदला उठून नाचावंसं वाटलं.

बायजाबाईनं चहा आणला. सगळ्यांचा गोड, प्रीतीचा बिनसाखरेचा. घरीही ती तसाच पिते. प्रेमानंदला आता जिथं तिथं शकुन दिसायला लागले होते.

"घेऊन जा वं माय," बायजाबाई म्हणाली. "आठ दिवस वाजवून पाय. पसंत पडली तं मंग बोलू."

बाई भारी हुशार, प्रेमानंदला वाटलं.

परत येताना त्याला धीर धरवेना. "गिटार कशी वाटली?"

"मस्त आहे."

"अन्... पोरगा?"

प्रीती खिडकीबाहेरचे ट्रक पाहत राहिली. "बाबा, तुम्ही मले फसवून आणलं ना?"

प्रेमानंदनं उगाचच हॉर्न दाबला. "हो वं."

"हं. तुम्हीच निवडला असंल, तर माझी ना नाही."

प्रेमानंदनं गाडी कडेला लावली. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला. चार वर्षांचा घोर एका वाक्यात उतरला होता.

घरी येताच नंदिनीला सांगून झालं आणि लकडगंजला भावाला फोन लागला. "बाबाराव, जमलं गा! पोरगा मी शोधला! मी! प्रीतीले शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही!" भाऊ तिकडून वाहवा करत होता. बोलता बोलता प्रेमानंद पोरीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

प्रीती त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर चढली होती. रिकाम्या खिळ्याखाली हिरवा आकार होता, एकाच शिंगाचा. तिनं लाल गिटार तिथं अडकवली, आणि हिरव्याचा एक ठिपकासुद्धा बाहेर उरला नाही.