जेवढं पडलं तेवढंच

शिवकन्यानं टेप ओढून पुन्हा मोजलं. गावच्या विकास सोसायटीच्या आवारातल्या पर्जन्यमापकापासून गोदामाची भिंत चांगली पंचवीस पावलं लांब होती. जवळपास झाड म्हणून नव्हतं. गोदामातून कुजक्या पेंडीचा भपकारा आला, तशी तिनं नाकाला ओढणी लावली.

तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा परवा, सोमवारी होती. पुण्यात पाच वर्षं ती संगणकावर मागल्या काळातला समुद्र उभा करत होती. कोणत्या साली तो कुठं तापला, त्यातले प्रवाह कुठून वळले, आणि त्यापायी मराठवाड्यात किती पाऊस पडला. सगळं जुळायचं. तिच्या जन्माआधीची चार वर्षं तेवढी जुळायची नाहीत. संगणक म्हणायचा पाऊस बरा झाला, सोसायटीची पावसाची वही म्हणायची दुष्काळ. आसपासची बाकी मापकं तेव्हा बंद होती.

वही सोडून दे, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. ती सरांशी भांडली. वही तिच्या वडिलांनी, राधाकिशननी लिहिलेली होती. चाळीस वर्षं, रोज सकाळी साडेआठला, अंगात ताप असला तरी. असला माणूस खोटं लिहितो होय? मग चूक समुद्राचीच, असं तिनं ठरवलं आणि वहीशी जुळेपर्यंत तो बदलत नेला. दोन वर्षं त्यात गेली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिनं लिहिलं, ‘एक थेंबही न चुकवणाऱ्या बापूंना.’

आता परीक्षकांनी एवढंच विचारलं होतं, की मापकावर तेव्हा काही आड तर नव्हतं ना. तिनं शेजारी उभ्या बापूंना विचारलं. झाड होतं का, एखादं छप्पर?

राधाकिशन हसले. “झाड कशाचं, बाई? घमेलं होतं.”

मग त्यांनी मजेत सगळं सांगितलं. चेअरमन अर्जुनरावांना तालुका दुष्काळाच्या यादीत हवा होता, म्हणजे गुरांची छावणी सोसायटीला मिळणार. आकडे कमी लिव, असं ते म्हणाले. राधाकिशननी साफ नकार दिला. खोटं लिहिणं रक्तातच नव्हतं. मग आभाळ भरून आलं की मापकावर घमेलं पालथं घालायचं, अर्धा पाऊस झाला की उचलायचं, असं ठरलं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. छावणी आली. पेंड चेअरमनच्या म्हशींनी खाल्ली, उरलेली सडली. राधाकिशन सोसायटीत कायम झाले.

शी! सांगताना या माणसाची मान खाली जात नव्हती. शिवकन्याला चेअरमनची किळस आली, हसणाऱ्या गावाची आली, आणि सगळ्यात जास्त त्या स्वच्छ, वळणदार अक्षराची आली, ज्याची तिनं पुण्यात फुशारकी मारली होती.

“वहीत एक अक्षर खोटं न्हाई,” ते छाती काढून म्हणाले. “भांड्यात जेवढं पडलं तेवढंच लिवलं.”

ती टेप गुंडाळू लागली. पहिल्याच दिवशी संगणकानं खरं सांगितलं होतं.

“जुळला ना मग तुझा समुद्र?” त्यांनी कौतुकानं विचारलं.

“जुळला, बापू,” ती म्हणाली. “तुमच्या घमेल्याशी.”