झाकणावरचे विधान

‘एका कपात शंभर कोटी जिवंत जिवाणू. ते आतड्यात मेदाम्ले घडवतात. मेदाम्ले आतड्याचे अस्तर पोसतात आणि रोगप्रतिकारशक्तीला शिस्त लावतात.’ दह्याच्या कपाच्या झाकणावरचे हे विधान अन्न-निरीक्षकांनी चौकशीच्या आरंभीच मोठ्याने वाचले. विधान देखणे होते. मेदाम्लांचा भाग किंचित फुगवलेला, तरी शास्त्राला धरून होता. उरलेले कोणी तपासले नव्हते.

आरोपी होती कारखान्याची प्रयोगशाळाप्रमुख, मालकांची सख्खी भाची. आरोप निष्काळजीपणाचा. तिने पाठवलेला माल दुकानाच्या फळीवरच आंबटढाण झाला होता. दोष सिद्ध झाला, तर दुसरी कुठलीही प्रयोगशाळा तिला दारात उभे करणार नव्हती.

“हिच्यामुळे कारखान्यात घाण शिरली, साहेब,” मामा म्हणाले. “बहिणीची पोर म्हणून जवळ केली, तर डोक्यावर मिरे वाटायला लागली.”

ती बहीण गेला महिनाभर हाच कप नेमाने खात होती. जबर औषधांनी तिचे पोट धुऊन निघाले होते आणि भावाच्या मालावर तिची श्रद्धा होती. गुण येईना. शेवटी मुलीने त्यातलेच चमचाभर दही कोमट दुधात विरजण म्हणून घातले. सकाळी दूध दूधच होते.

प्रयोगशाळेतल्या नमुन्यांत मात्र जिवाणू उदंड होते. नमुने घेतले जात ते शेवटच्या यंत्राच्या अलीकडे. यंत्रापलीकडे डोकावण्याची कारखान्यात रीत नव्हती. मालकांना तशी जिज्ञासाही आवडत नसे.

“माफी माग आणि विषय संपव,” मामांनी आवाज मऊ केला. “घरचंच माणूस आहेस. नोकरी ठेवतो.”

“माफी कसली? दही लागल्यावर ते परत तापवायचं यंत्र मीच बंद केलं होतं. मुद्दाम.” ती निरीक्षकांकडे वळली नाही, मामांकडेच बघत राहिली. “आता तुम्हीच सांगा ना मामा, त्यामुळे मालात कुठली घाण शिरली?”

मामा ताडकन उठले. त्यांचे उत्तर निरीक्षकांनी शब्दशः उतरवून घेतले :

“शिरलं काहीच नाही! आमच्या कपात जिवाणू कधीच जिवंत नसतात. या बयेने ते जिवंत सोडले!”