पवळीने पेललेला दरवाजा

हौदाचा समुद्राकडचा लोखंडी दरवाजा खाली येऊ लागला, तशी पवळी नावाची जलपरी त्याच्याखाली शिरली आणि तिने तो खांद्यावर पेलला. राजाने हौदात कोंडलेली तिची धाकटी भावंडं तिच्या कुशीखालून बाहेर निसटू लागली.

दरवाजा वर-खाली करणारं चाक पहारेकरी राहीच्या हातात होतं. जलपऱ्या भेकड असतात, असंच तिला पहारेकऱ्यांच्या शाळेत शिकवलं होतं. आता पवळीचा खांदा रक्ताळला होता, तरी ती धाकट्यांना म्हणत होती, "चला रे, घाबरू नका!"

"सोड दरवाजा खाली!" पहाऱ्याचा नाईक ओरडला.

राहीने चाक फिरवलं, पण उलटं.

शेवटचं भावंड बाहेर पडल्यावर पवळीने राहीपुढे हात केला. "येतेस?"

"मला पोहता येत नाही."

"मला येतं."

राहीने उडी मारली.