नुसत्या मिलोची भाकरी

"तक्रार न्हाई म्हणता ना? मग ही खाऊन बघा, साहेब," असं म्हणत आमदार नानासोंनी फडकं सोडलं आणि भाकरी मुख्यमंत्र्यांपुढं सरकवली.

सांगलीच्या विश्रामगृहात जिल्ह्यातले आमदार मुख्यमंत्र्यांभोवती कोंडाळं करून बसले होते. दुष्काळी कामावरच्या माणसांना रेशनवर मिलो मिळत होता, परदेशातलं ते तांबडं धान्य. तिकडं मिरजेच्या गोदामात ज्वारी येऊन पडली होती. ती कामावर पाठवणार का, हे नानासो सकाळपासून विचारत होते. मुख्यमंत्री शांतपणे सांगत होते, की ज्वारी थोडी आहे, शहरालाही लागते, आणि मिलोबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही.

भाकरी केली होती हरणाबाईनं. ती दाराशी उभी होती. आटपाडीकडच्या खडीच्या कामावरून नानासोंनी तिला मुद्दाम जीपमध्ये घालून आणलं होतं. फडकं सुटलं तशी तिनं मान खाली घातली.

मुख्यमंत्र्यांनी तुकडा मोडला. चावला. मग दुसरा मोडला.

"चांगली आहे की. मऊ आहे. घ्या, भाऊसो."

ऊसपट्ट्यातल्या भाऊसोंनी चतकोर उचलली. "नानासो, असा दुष्काळ असंल तर आमी बी येतो गड्या तुमच्याकडं राहायला."

सगळे हसले. नानासोंचा चेहरा उतरला.

"कुणी केली?" मुख्यमंत्र्यांनी विचारलं.

"ह्या बाईंनी."

"बाई, हाताला चव आहे तुमच्या."

हरणाबाई सुखावली. तिच्या सासूनं जन्मात असं म्हटलं नव्हतं. गप्प राहिलं तर गावात मरेपर्यंत सांगायला झालं. पण गप्प राहिलं तर ज्वारीही गोदामातच राहणार, आणि खडी फोडून आलेल्या बायका रोज रात्री त्याच पिठाशी झगडत बसणार.

"आवं साहेब," ती म्हणाली, "ती नुसत्या मिलोची न्हाई."

"मग?"

"निम्मी ज्वारी हाय, घरचा शाळू. बियाण्याला ठेवला हुता, त्यातला."

नानासोंनी कपाळाला हात लावला. "हरणाबाई, मी काय सांगितलं हुतं तुमाला?"

"केली की नुसत्या मिलोची. दोनदा केली. हातातच मोडती. आता मुख्यमंत्र्यांच्या पानात फाटकी भाकरी वाढू व्हय? तुमाला कोण काय म्हणत न्हाई. नावं मला ठेवत्यात."

आधी मुख्यमंत्रीच हसले, मग बाकीचे. भाऊसो मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातली चतकोर हळूच फडक्यावर परत ठेवली.

"ठीक आहे," मुख्यमंत्री म्हणाले. "आता नुसत्या मिलोची करा. इथं, माझ्यासमोर. ती खातो आणि मग गोदामाचं बोलू. पीठ आहे?"

"हाय की गाठुड्यात."

नानासो तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "आता लय शाणपणा करू नका, मावशी," ते कुजबुजले. "हुईल तशी हू द्या."

"बरं."

खानसाम्यानं परात दिली, स्टोव्ह पेटवून दिला आणि तो बाजूला झाला. दारात आमदारांची गर्दी झाली. त्यांच्या पुढं मुख्यमंत्री, हात पाठीमागं बांधून. हरणाबाईनं पीठ मळलं. गोळा केला, थापायला घेतला. कडा फाकल्या, त्या तिनं फाकू दिल्या. भाकरी कशीबशी उचलून तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

स्टोव्हचा तेवढा आवाज.

भाकरीला मधोमध भेग पडली आणि ती कडेपर्यंत जायला लागली. हरणाबाईची ओली बोटं आपसूक ती सांधायला निघाली.

तिनं दुसऱ्या हातानं तो हात घट्ट धरून ठेवला.