शिडीच्या पायथ्याशी

"कृपया भारा सावकाश घ्यावा," वॉकीटॉकीतून दादाचा आवाज आला आणि क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या त्याच्या बहिणीचं डोकंच फिरलं. जन्मात कधी तो 'कृपया' म्हणाला नव्हता. 'ए बाई, झोपलीस का' म्हणायचा, तेही मायेनं.

तो खाली उभा राहून इशारे द्यायचा, ती वर बसून सळयांचे भारे उचलायची. आठवडाभर बांधकामावर शांततेचे धडे चालू होते. साहेबांनी एक प्रशिक्षक बाई आणल्या होत्या. मन शांत तर निर्णय अचूक, असं त्या शिकवत. यात खोटं काहीच नव्हतं. पण आजपासून साहेबांनी त्याचा हुकूमच करून टाकला: ज्याचा आवाज चढेल, त्याचं त्या दिवशीचं काम बंद. शांतता म्हणजे काय नळ आहे, कुणीही येऊन पिळावा?

या बहीणभावाची आपली एक रीत होती. रोज सकाळी क्रेनच्या शिडीच्या पायथ्याशी मनात असेल नसेल ते ओकून टाकायचं, घसा बसेपर्यंत भांडायचं, मग तिनं वर चढायचं. लोक हसायचे. हसोत बापडे. नऊ वर्षांत त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

आज बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. दोघांना समोरासमोर उभं करून दहा श्वास घ्यायला लावले. भांडण तसंच गिळून ती शिडी चढली.

आणि भांडण काही चहात साखर कमी पडल्याचं नव्हतं. काल ती घरी गेली तर आईची खाट रिकामी. दादानं आईला धाकट्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवलं होतं. हिला कळलं ते शेजारणीकडून.

"कृपया डावीकडे."

तिनं दांडा रेटला. भारा झोका घेत सुटला आणि थेट दादाच्या अंगावर गेला. तो पालथा पडला म्हणून वाचला. त्याचं हेल्मेट घरंगळत परांचीखाली गेलं.

तिनं भारा थोपवला, जमिनीवर टेकवला, क्रेन बंद केली. ती सगळी शिडी उतरून आली. बाई धावत पुढे आल्या. "आधी एक दीर्घ श्वास घ्या बघू."

"श्वास घेतला म्हणून तर आत्ता भावाला मारला असता मी!" ती ओरडली आणि दादाकडे वळली. "आईला उचलून नेलीस? मी काय मेले होते?"

"बारा तास वर टांगलेली असतेस!" दादाही कपडे झटकत भडकला. "दोनदा पडली आई. कोण होतं घरात?"

"मला सांगायचं होतंस!"

"तीच म्हणाली सांगू नको! पोरगी उंचावर असते, तिचा हात हलेल म्हणाली."

"मग? नाही हलला?"

ती रडत रडत दादाला बोलत राहिली. आईचा चष्मा घरीच राहिलाय, रात्री तिला दिवा लागतो, धाकटीला यातलं काही ठाऊक नाही. तो तितक्याच जोरात सांगत राहिला की चष्मा काल रात्रीच पोचवलाय, अक्कल काय तुला एकटीलाच आहे? मग दोघांचाही आवाज बसला. तिनं पदरानं नाक पुसलं. हात समोर धरून पाहिला, तो थरथरत नव्हता. ती शिडीकडे निघाली.

"कुठे निघालीस?" साहेब आडवे आले. "आवाज चढवलास. आज तुझं काम बंद. दुसरा माणूस बसेल वर."

"मग इशारे द्यायलाही दुसरा बघा," दादा म्हणाला. "ती वर नसेल तर मी भाऱ्याखाली उभा राहणार नाही."

"अरे वेड्या, आत्ताच तिनं तुझा जीव घेतला असता!"

"घेतला असता," दादा परांचीखालचं हेल्मेट उचलून डोक्यावर चढवत म्हणाला. "तेव्हा ती गप्प होती, साहेब."