खिडकीतल्या माणसाची तक्रार

दिघीच्या जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या धनेशच्या नाकावर कायम राग. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तक्रारीची चौकट होती, तीत तो रोज शिव्याच टाइप करायचा. आज अपडेट आलं, ते पडद्यावर यादी घेऊनच.

‘मधेच बंद पडतो – दुरुस्त. घड्याळ मागे पडतं – दुरुस्त.’

“बघ गो नूतन, आणला का न्हाय वठणीवर!”

शेजारच्या खुर्चीतली नूतन हसली.

‘बोटीचा भोंगा डोकं उठवतो – दुरुस्त.’

हे त्यानं टाइप केलंच नव्हतं, नुसतं बोलला होता. बाहेर बोट धक्क्याला लागली, पण रोजचा भोंगा वाजलाच नाही.

‘खिडकीतला माणूस दिवसभर ओरडतो – दुरुस्त.’

“कोनी केली ही तक्रार?” धनेश मानेच्या शिरा ताणून ओरडला, पण आवाज त्याच्या स्वतःच्या कानांनाही आला नाही.

हातभर अंतरावरच्या नूतननं मान वर न करता चहावर फुंकर मारली.