आवाज गेला कुठे?

सावनीने लिहून स्वतःच वाचलेली गोष्ट रेडिओवर लागायची वेळ झाली आणि आजोबांच्या स्टिरिओमधून आवाजच येईना. रिसीव्हरचे दिवे लागलेले, स्टेशनही बरोबर.

“घाबरू नकोस, एकेक तपासू. आधी वायर हलवून बघ,” आजोबा म्हणाले.

“हलवली.” सावनी रडवेली झाली. पोरं चिडवतील म्हणून आपली गोष्ट लागणार हे तिने आजोबांखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं.

आजोबा बुचकळ्यात पडले, तोच खाली अंगणातून तिचाच आवाज आला. गणपतीत आरतीसाठी तिथे स्पीकर लावले होते, आणि रिसीव्हरचं स्पीकर निवडायचं बटण अजून त्यांच्यावरच होतं.

“बंद करा ना, आजोबा. सगळे ऐकतायत.”

आजोबांनी तिला खिडकीशी नेलं. खाली क्रिकेट थांबलं होतं. पोरं स्पीकरखाली जमली होती.

“गप रे, वाघ मरतो का ऐकू दे,” एकजण दुसऱ्यावर खेकसला.

सावनी क्षणभर घुटमळली. मग खिडकीतून वाकून म्हणाली, “नाही मरत.”